अवगाहन कीं अभिषेक?

घराची दुरुस्ती काढली म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबांत जे वाद उपस्थित होतात, त्यांत न्हाणीघराचा वाद हल्लीं बराच वरच्या क्रमांकाचा होऊन बसला आहे. जुनी फरशी उखडली, भिंतींचा गिलावा खरवडला, आणि गवंडी उंबऱ्यावर येऊन उभा राहिला, कीं त्याचा पहिला प्रश्न हाच असतो : येथें टब बसवावयाचा कीं शॉवर? तरुण मंडळींना ऊन पाण्यांत निवांत पडून राहण्याची हौस असते. वडील मंडळींना टबाचा कांठ ओलांडण्याची धास्ती वाटते. ज्याला पैसे मोजावयाचे तो चौरस फुटांचा हिशेब करीत बसतो. आणि आजीबाई विचारतात कीं, बादली व तांब्या यांनीं तुमचें काय घोडें मारलें आहे? शेवटीं बहुधा दुकानांत जें अधिक झगझगीत दिसेल तें घरीं येतें, आणि गंगेंत घोडें न्हालें असें समजून सर्वजण सुटकेचा निःश्वास टाकतात.

हा प्रश्न दिसतो तितका क्षुद्र नाहीं आणि तितका नवाही नाहीं, असें आम्हांस वाटतें. अंगावर पाणी घेणें आणि पाण्यांत अंग घालणें, हे स्नानाचे दोन मूळ प्रकार आहेत. जुन्या भाषेंत बोलावयाचें तर एक अभिषेक, दुसरें अवगाहन. मनुष्यजातीनें हे दोन्ही प्रकार फार प्राचीन काळापासून चालविले. परंतु कोणत्या समाजांत, कोणत्या वर्गाच्या वांट्याला कोणतें स्नान आलें, याचा शोध घेऊं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, निवड आवडीनिवडीनें क्वचितच झाली. पाणी कोणीं आणावयाचें, कोणीं तापवावयाचें आणि कोणीं उपसून टाकावयाचें, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ती ठरत गेली.

सर्वांत जुना व स्पष्ट पुरावा आपल्याच उपखंडांत सांपडला आहे. मोहेंजोदडो येथील उत्खननांत १९२५-२६ च्या सुमारास जें महास्नानगृह उजेडांत आलें, त्याचें चित्र बहुतेक वाचकांनीं शाळेच्या पुस्तकांत पाहिलेलें असतें. सुमारें १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद व जवळ जवळ अडीच मीटर खोल असा तो हौद. दोन्ही टोकांस उतरावयास पायऱ्या. विटा जिप्समच्या लेपांत घट्ट बसविलेल्या, आणि पाणी झिरपूं नये म्हणून डांबराचा थर दिलेला. पण त्याच शहरांतील दुसरी एक गोष्ट, जी चित्रांत सहसा येत नाहीं, ती आम्हांस अधिक बोलकी वाटते. तेथील बहुतेक घरांत न्हाणी होती : पक्क्या विटांचा लहानसा चौथरा, त्याला एका कोपऱ्याकडे उतार, आणि त्या कोपऱ्यांतून भिंतीबाहेर रस्त्याच्या गटारांत जाणारी मोरी. मनुष्यानें तेथें भांड्यानें पाणी अंगावर घ्यावें आणि मळकें पाणी आपोआप निघून जावें, अशी ती योजना. महास्नानगृह हें धार्मिक विधीसाठीं असावें असें बहुतेक पंडित मानतात. म्हणजे चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीं सिंधूकांठच्या नागरिकांनीं आपल्यापुरता या वादाचा निकाल लावून टाकला होता. रोजची आंघोळ घरीं व ओतून. डुंबणें घराबाहेर व विशेष प्रसंगीं.

पुढें आपल्या शास्त्रकारांनींही हा भेद जपला. स्मृतिग्रंथांत स्नानाचे सात प्रकार सांगितलेले आढळतात. मंत्रानें, मृत्तिकेनें, भस्मानें, गाईंच्या पायधुळीनें आणि केवळ मनानेंही स्नान घडतें, असें ते म्हणतात; परंतु प्रत्यक्ष पाण्यानें अंग भिजविणारीं स्नानें त्यांत दोनच आहेत. पाण्यांत शिरून करावयाचें तें वारुण, आणि ऊन पडलेलें असतां पावसाच्या धारा अंगावर घ्यावयाच्या तें दिव्य. टब व शॉवर यांना याहून सुंदर नांवें शोधावयास कोणीं लांब जाऊं नये. वैद्यांची भाषा अधिक रोकडी. चरकसंहितेंत स्वेदनाचे जे तेरा प्रकार दिले आहेत, त्यांत परिषेक व अवगाहन हे शेजारीं शेजारीं बसले आहेत. परिषेकांत रोग्याच्या अंगावर वस्त्र घालून, सोसेल इतक्या ऊन काढ्याची धार झारीसारख्या भांड्यांतून वा नळीनें सोडावयाची. अवगाहनांत काढा, दूध, तेल किंवा तूप यांनीं भरलेल्या पात्रांत त्याला बसवावयाचें. दोहोंपैकीं एक श्रेष्ठ, असें चरक म्हणत नाहीं; मनुष्य व त्याचा रोग पाहून निवड करावी. वाग्भटानें आणखी एक इशारा देऊन ठेवला आहे. ऊन पाणी मानेखालीं ओतलें तर बळ वाढतें, डोक्यावर ओतलें तर केंस व डोळे यांना अपाय होतो. छताला शॉवर लावून कढत पाण्याखालीं उभे राहणाऱ्यांनीं हा इशारा ऐकण्यासारखा आहे.

महाराष्ट्रांतील जुन्या घरांची वहिवाट याच धोरणानें चालली. मागच्या पडवीशेजारीं न्हाणी, तींत बसावयास पाट, एका बाजूस तांब्याचा बंब, पुढ्यांत घंगाळ आणि हातांत तांब्या. नरकचतुर्दशीच्या पहांटे तेल, उटणें आणि पणतीच्या उजेडांत अंगावर पडणारें तें कढत पाणी ज्यांनीं अनुभवलें आहे, त्यांना न्हाण्याचें सुख वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. अवगाहन मात्र तीर्थाचें. त्यासाठीं नाशिकास गोदावरींत, पंढरपुरास चंद्रभागेंत, त्र्यंबकेश्वरास कुशावर्तांत जावयाचें, बुडी मारावयाची आणि परत यावयाचें. घरांत डुंबण्यापुरतें पाणी सांठवावें, ही कल्पना आपल्या पूर्वजांना सुचली नाहीं याचें कारण त्यांची विरक्ति नव्हे; पाणी विहिरीवरून येत होतें, हें आहे.

आणि या रमणीय चित्रांत एक व्यक्ति दिसत नाहीं. पहांटे सर्वांच्या आधीं उठून बंब पेटविणारी, कळशीमागून कळशी ओतणारी, घंगाळांत पाणी काढून, विसण घालून, ‘पाणी काढलें आहे’ असें आंत येऊन सांगणारी घरची स्त्री बहुधा सर्वांत शेवटीं, उरलेल्या पाण्यांत न्हात असे. तिला विचारलें असतें तर टब व तांब्या यांच्या गुणावगुणांची चर्चा एका क्षणांत संपली असती. घराबाहेरचें चित्र याहून कठोर होतें. तळीं व कुंडें हीं गांवाचीं म्हणवलीं, तरी गांवांतील सर्वांना तीं मोकळीं नव्हतीं. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना १९२७ च्या मार्च महिन्यांत सत्याग्रह करावा लागला. स्नानाचा इतिहास लिहितांना हें विसरून चालणार नाहीं. पाण्याजवळ कोणाला जाऊं द्यावयाचें, हा प्रश्न न्हावें कसें या प्रश्नाच्या आधींचा आहे.

आतां पश्चिमेकडे वळूं; कारण आजचा टब व आजचा शॉवर हे दोघेही तिकडूनच आपल्याकडे आले. अवगाहनाचें वैभव जर कोठें कळसास पोंचलें असेल तर तें रोमन साम्राज्यांत. इ. स. २१६ सालीं रोम शहरांत उघडलेल्या काराकालाच्या स्नानगृहांत एका वेळीं सुमारें सोळाशें लोक न्हात असत, असें सांगतात. कोमट दालन, कढत दालन, थंड हौद, व्यायामाचीं अंगणें, ग्रंथालयें, असा तो सारा थाट होता. फरशीखालीं पोकळी ठेवून तींतून भट्टीची ऊन हवा खेळविलेली असे. परंतु ती भट्टी तळघरांत होती, आणि तेथें धुरांत लांकडें सारणारे गुलाम होते. वर डुंबणाऱ्यांना ते दिसत नसत. या सर्व व्यवस्थेचा प्राण म्हणजे डोंगरांतून शहरापर्यंत आणलेले पाण्याचे पाट. ५३७ सालीं गॉथ लोकांनीं रोमला वेढा घालून ते तोडले, तेव्हां तीं भव्य स्नानगृहें कोरडीं पडलीं. अवगाहनाची संस्कृति किती नाजूक असते, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

रोमनांचा वारसा पूर्वेकडे हमामांच्या रूपानें टिकला. पण त्यांत एक मर्माचा फरक झाला. सांचलेल्या पाण्यापेक्षां वाहतें पाणी शुद्ध, या इस्लामी समजुतीमुळें मोठे हौद बहुतांशीं मागें पडले, आणि भिंतीला लावलेल्या दगडी कुंडीपाशीं बसून वाटीनें पाणी अंगावर घेण्याची रीत आली. म्हणजे रोमच्या उष्ण दालनांत आपल्या न्हाणीचा तांब्याच जणूं जाऊन पोंचला. युरोपांत मात्र उलट प्रकार घडला. मध्ययुगांत तेथील शहरांतून सार्वजनिक स्नानगृहें होतीं. परंतु प्लेग व उपदंश यांच्या सांथी आल्या, सोळाव्या शतकांत तीं एकामागून एक बंद पडलीं, आणि ऊन पाण्यानें त्वचेचीं छिद्रें उघडून रोग आंत शिरतो असें वैद्यच सांगूं लागले. पुढें कित्येक पिढ्या तेथील प्रतिष्ठित लोक स्वच्छ सदरा बदलणें हेंच स्नान मानीत.

भीति ओसरल्यावर युरोपांत टब परत आला, तो श्रीमंतांच्या शयनगृहांत. त्याला नळ नव्हता. खालच्या स्वयंपाकघरांत पाणी तापवावयाचें, चाकरांनीं तें दोन-तीन जिने चढवून आणावयाचें, आणि धनी न्हाऊन उठल्यावर तेंच मळकें पाणी पुन्हां उपसून खालीं न्यावयाचें, असा तो क्रम होता. कामगाराच्या घरीं असा चाकर कोठून येणार? तेथें आठवड्यांतून एकदां चुलीपुढें पत्र्याचा टब मांडीत आणि त्याच पाण्यांत घरांतील सर्व माणसें एकामागून एक न्हात. शेवटल्याच्या वांट्याला कसलें पाणी येत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

शॉवरचा जन्म या गैरसोयींतून झाला. १७६७ सालीं लंडनमधील विल्यम फीदॅम नांवाच्या शेगड्या बनविणाऱ्या कारागिरानें त्याचें पहिलें यंत्र केलें. खालच्या पात्रांतील पाणी हातपंपानें वरच्या टाकींत चढवावयाचें, आणि साखळी ओढून तें डोक्यावर सोडावयाचें. उभ्या उभ्या तेंच मळकें पाणी पुन्हां पुन्हां डोक्यावर घेण्याचा हा प्रकार लोकांना फारसा रुचला नाहीं, यांत नवल नाहीं. शॉवरला खरें महत्त्व आलें तें शंभर वर्षांनीं, आणि तें एका तुरुंगांत. फ्रान्समधील रूआन येथील तुरुंगाचे वैद्य डॉ. मेरी दलाबोस्त यांनीं १८७२ च्या सुमारास असा विचार केला कीं, शेंकडों कैद्यांना टबानें न्हाऊं घालावयाचें तर पाणी, जळण व वेळ यांचा हिशेब जुळणें शक्य नाहीं. प्रत्येकाच्या अंगावर कांहीं मिनिटें कोमट पाण्याचे तुषार सोडले, तर थोडक्या पाण्यांत तो स्वच्छ होईल, आणि दुसऱ्याच्या मळाला त्याचें अंगही लागणार नाहीं. ही युक्ति लवकरच प्रशियाच्या लष्करानें आपल्या बराकींतून उचलली. पुढें १८८३ सालीं बर्लिन येथें भरलेल्या आरोग्यप्रदर्शनांत त्वचारोगांचे वैद्य डॉ. ऑस्कार लासार यांनीं पन्हळी पत्र्याचें एक लहानसें स्नानगृह मांडून दाखविलें. दहा खोल्या, दहा शॉवर. दहा फेनिग दिले कीं ऊन पाणी, साबण व पंचा मिळे. प्रत्येक जर्मन मनुष्यास आठवड्यास निदान एक स्नान मिळावें, ही त्यांची मागणी होती. अमेरिकेंत डॉ. सायमन बरूक यांनीं हीच चळवळ चालविली, आणि १९०१ सालीं न्यूयॉर्कच्या रिव्हिंग्टन रस्त्यावर, दाट वस्तीच्या भागांत, नगरपालिकेचें स्नानगृह उघडलें. इंग्लंडांत खाणकामगार कोळशानें माखलेले घरीं येत, आणि त्यांच्यासाठीं पाणी तापवून तापवून त्यांच्या बायकांच्या कंबरा मोडत. १९११ च्या कायद्यानें, दोन-तृतीयांश कामगारांनीं मागणी केल्यास, खाणीच्या तोंडाशीं स्नानगृहें बांधण्याची तरतूद झाली. पण त्यांना पैसा मिळाला तो १९२६ नंतर. तेथेंही बसले ते शॉवरच.

म्हणजे शॉवर हा तुरुंग, बराक आणि खाण यांचें अपत्य आहे. काटकसर हा त्याचा पहिला गुण, आणि समता हा दुसरा. टबांत पहिला न्हाणारा व शेवटचा न्हाणारा यांच्यांत अंतर असतें. शॉवरखालीं प्रत्येकास ताजें पाणी मिळतें.

याच काळांत टबाचेंही दैव उघडलें. १८६८ सालीं लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यानें वायूवर पाणी तापविणारें यंत्र काढलें आणि आइसलंडांतील उकळत्या कारंज्यावरून त्याला ‘गीझर’ असें नांव दिलें. आज आपल्या खेड्यापाड्यांतूनही घरोघरीं उच्चारला जाणारा हा शब्द मूळचा त्या दूरच्या बर्फाळ बेटाचा आहे. १८८३ सालीं अमेरिकेंतील कोलर कारखान्याच्या संस्थापकानें जनावरांना पाणी पाजण्याच्या ओतीव लोखंडी डोणीला मुलामा देऊन खालीं चार पाय बसविले व ती टब म्हणून विकली, ही कथा तो कारखाना स्वतःच अभिमानानें सांगतो. घरांत नळ आला, गीझर आला. जिना चढणारा चाकर नाहींसा झाला. आणि टब विसाव्या शतकांत पश्चिमेकडील सामान्य गृहस्थाच्या घरांतही जाऊन बसला. काळाचा उलटा फेरा असा कीं, आज तेथेंच जागा व वेळ यांच्या टंचाईमुळें तो काढून शॉवर बसविण्याची लाट आली आहे, आणि आपल्याकडे त्याच वेळीं तो वैभवाचें चिन्ह म्हणून येऊं पाहत आहे.

या वादांत दोन्ही पक्षांचें समाधान करणारा एकच देश आम्हांस दिसतो, तो जपान. जपानी मनुष्य टबांत शिरण्यापूर्वीं बाहेर लहानशा चौरंगावर बसून साबणानें अंग स्वच्छ धुतो, पाणी ओतून घेतो, आणि मग निर्मळ अंगानें कढत पाण्यांत उतरतो. तें पाणी मळत नाहीं, म्हणून सारें कुटुंब एकामागून एक त्याच पाण्यांत बसतें. धुणें वेगळें आणि विसावणें वेगळें, हें त्या लोकांनीं ओळखलें. पाश्चात्त्य टबाची मूळ चूक हीच कीं, त्यानें ज्या पाण्यांत मळ काढावयाचा त्याच पाण्यांत विसावा घ्यावयास सांगितलें.

आतां आपल्या घरीं परत येऊं. मुंबईस विहार तलावाचें पाणी १८६० सालीं नळानें येऊं लागलें, आणि त्यानंतर हळूहळू आपल्या शहरांतून विहिरीवरच्या खेपा संपल्या. पण चाळींतल्या मोरींतही बादली व तांब्या हेच राहिले. कारण नळाला पाणी ठराविक वेळींच येई. आजही अनेक शहरांत तें तसेंच येतें. साधारण टब नीट भरावयास दीडशें लिटरांच्या आसपास पाणी लागतें. आपल्या देशांत शहरांतील पाणीपुरवठ्याच्या योजना आंखतांना माणशीं दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात; त्यांत पिणें, स्वयंपाक, धुणें, भांडीं सर्व आलें. २०१९ सालच्या जलजीवन योजनेनें खेड्यांतील माणसासाठीं धरलेलें प्रमाण ५५ लिटरांचें आहे. म्हणजे शहरांतील एक टबस्नान हें एका माणसाच्या संपूर्ण दिवसाच्या पाण्याहून अधिक, आणि खेड्यांतील जवळ जवळ तीन माणसांच्या पाण्याइतकें होतें. २०१६ च्या एप्रिलमध्यें मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी गेली, तेव्हां तिनें सुमारें पांच लाख लिटर पाणी नेलें. तहानलेल्या एका शहरानें डोळ्यांत प्राण आणून जिची वाट पाहिली, त्या गाडींतील सारें पाणी तीन हजार तीनशें टबांत संपून जातें.

परंतु शॉवरच्या पक्षपात्यांनीं यावरून हुरळून जाऊं नये. अमेरिकेंत १९९२ च्या कायद्यानें शॉवरच्या पाण्याला मिनिटास सुमारें साडेनऊ लिटरांची मर्यादा घातली. त्या मर्यादेंत राहूनही जो पंधरा मिनिटें गाणें म्हणत उभा राहील, तो टबाइतकेंच पाणी सांडील. आणि पावसासारखा कोसळणारा जो रुंद शॉवर आज हौसेनें बसवितात, त्याखालीं तर याहूनही लवकर. दलाबोस्त यांनीं ज्या गुणासाठीं शॉवर जवळ केला, तो गुणच आपण काढून टाकला, तर उरलें काय? दीड-दोन बादल्यांत, म्हणजे तीस लिटरांच्या आंत, मनुष्य उत्तम स्वच्छ होतो, हें आपल्या आजीला ठाऊक होतें.

तेव्हां गवंड्याच्या प्रश्नाला आमचें उत्तर असें : मोहेंजोदडोच्या न्हाणीचा उतार ठेवावा. फरशी न निसरणारी, एका कोपऱ्याकडे उतरती. कांठ, उंबरा कांहीं नको, म्हणजे म्हातारपणीं पाय अडखळणार नाहीं. भिंतीला धरावयास दांडी आणि बसावयास भक्कम चौरंग असावा. शॉवर हवा तर हातांत धरण्याचा घ्यावा, म्हणजे वाग्भटाचाही मान राहील. आणि खालीं बादलीसाठीं एक नळ ठेवावयास विसरूं नये, कारण वरच्या टाकींतील पाणी संपण्याचा दिवस सर्वांच्याच घरीं येतो. ज्याच्या दुखण्याला वैद्यानें अवगाहन सांगितलें असेल, त्यानें खुशाल टब बसवावा. चरक त्याच्या पाठीशीं आहे.

राहतां राहिली डुंबण्याची हौस. ती खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पाण्यांत शरीर हलकें होतें, मनही होतें. परंतु ती हौस भागविण्यासाठीं आपल्या पूर्वजांपाशीं नद्या होत्या, आणि त्या नद्यांचें पाणी आज अनेक ठिकाणीं पाय बुडविण्यासही योग्य राहिलेलें नाहीं. ज्या मोरीचें पाणी आपण उतार देऊन घराबाहेर काढतों, तें पुढें कोठें जातें हें आपण विचारलें नाहीं, त्याचें हें फळ आहे. घरोघरीं टब बसवून ती उणीव भरून निघणार नाहीं. मुळामुठेच्या वा गोदावरीच्या पाण्यांत आपलीं नातवंडें निर्धास्तपणें बुडी मारतील, असें ज्या दिवशीं होईल, त्या दिवशीं हा वाद आपोआप मिटेल. तोंवर घरांत चार तांबे अंगावर घ्यावे, आणि नळ बंद करावा.